तपासणीचे यंत्र आणि फिल्मवरचे धुके

अमरावतीनजीकच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि वऱ्हाडाची एक जुनी मागणी पुरी झाली. परतवाडा-अचलपूरच्या माणसाला विमान गाठावयाचे तर त्यापूर्वी नागपूरची वाट धरावी लागे. आता विमान त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात आले आहे. विमानतळ आला की त्यामागोमाग धावपट्टीची लांबी, तिकिटांचे दर, आजूबाजूच्या जमिनींचे भाव यांची चर्चा येते, आणि ती यावयासही हवी. परंतु विमानतळाबरोबर आणखी एक वस्तू येते व तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. सरकत्या पट्ट्यावर बसविलेली, रबरी झालरीआड दडलेली ही क्ष-किरण तपासणीची पेटी होय. प्रवाशाची पिशवी तिच्या एका तोंडातून आत जाते व दुसऱ्या तोंडातून बाहेर येते. आतले कपडे, पुस्तके, डब्यातल्या दशम्या यांचे काही बिघडत नाही. एका वस्तूचे मात्र बिघडू शकते, आणि ते बिघडले हे त्या क्षणी कोणालाच दिसत नाही. ती वस्तू म्हणजे छायाचित्रणाची न धुतलेली फिल्म.

मोबाइलच्या दिवसांत फिल्मची चिंता कोणी करावी, असा प्रश्न येथे सहजच विचारला जाईल. प्रश्न रास्त आहे, पण तो वस्तुस्थितीला धरून नाही. कोडक कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा फिल्म संपली असे सर्वांनीच धरले होते. परंतु ती संपली नाही. २०२३ साली जगभर गाजलेला 'ओपेनहायमर' हा चित्रपट संपूर्णपणे फिल्मवर घेतलेला होता. पुण्या-मुंबईची महाविद्यालयीन मुले वडिलांचे जुने कॅमेरे कपाटातून काढून त्यांत रोल भरू लागली आहेत. वाढदिवसाला भेट म्हणून दिला जाणारा, फोटो लगेच बाहेर टाकणारा जो छोटा कॅमेरा असतो, त्यातही फिल्मच असते, आणि तीही बरीच वेगवान. याखेरीज एक तिसरा वर्ग आहे, ज्याची गणती कोणत्याही बाजारात होत नाही. वडील गेल्यावर ट्रंकेच्या तळाशी सापडलेले, कधीच न धुतलेले दोन-तीन रोल अनेक घरांत आहेत. ते धुवून मिळण्याची सोय तालुक्याच्या गावी उरलेली नाही. मग मुलगा ते पुण्याला, बंगळूरला किंवा आपल्या नोकरीच्या गावी, म्हणजे थेट अमेरिकेलाही, बरोबर नेतो. आणि नेतो तो विमानाने.

फिल्मचे नेमके काय होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा विचार करता येणार नाही. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. (ज्या सेल्युलोजपासून ही पट्टी करतात, ते सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून काढण्याची रीत जुनी आहे, जिलेटिन गुरांच्या हाडा-कातड्यांतून निघते. कापसाच्या आणि गुरांच्या बाजारावर जगणाऱ्या वऱ्हाडाने फिल्मला अगदीच परकी वस्तू समजण्याचे कारण नाही.) कॅमेऱ्याचे शटर क्षणभर उघडते, भिंगातून आलेला प्रकाश या स्फटिकांवर पडतो आणि त्यांच्यात एक अदृश्य बदल घडवून आणतो. हीच सुप्त प्रतिमा. रोल धुताना रसायनांच्या क्रियेने बदल झालेल्या स्फटिकांची काळी चांदी होते, उरलेले स्फटिक विरघळून जातात, आणि चित्र दिसू लागते.

एखादा स्फटिक असा बदलण्यासाठी प्रकाशाचे काही कण त्यावर पडावे लागतात. क्ष-किरणांच्या एका कणात मात्र प्रकाशकणाच्या हजारो पट शक्ती असते. त्याचा एकच कण शोषला गेला तरी स्फटिक काळा होण्यास सिद्ध होतो. शिवाय क्ष-किरण भिंगातून येत नाहीत. डबी, कागद, पिशवी भेदून ते सर्वत्र सारखे पडतात. परिणामी धुतलेल्या फिल्मवर एक सर्वव्यापी धुके चढते. फोटोतील गडद सावल्या राखाडी होतात, रंग फिके किंवा भलतीकडे झुकलेले दिसतात, चित्र भरड होते. फिल्म जितकी वेगवान, म्हणजे कमी उजेडात काम करणारी, तितके तिचे स्फटिक मोठे आणि तितकी ती या किरणांना अधिक बळी पडणारी. शंभर अंकाची फिल्म बरेच सोसते, आठशेची कमी, आणि तीन हजार दोनशेची फारच थोडे. सणासमारंभांत, रात्रीच्या वरातीत, देवळाच्या गाभाऱ्यात वापरली जाते ती वेगवान फिल्मच.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रत्येक फेरीची मात्रा मागच्या फेरीच्या मात्रेत मिळविली जाते. जुन्या पद्धतीच्या यंत्रांवर ती फिल्मला निर्धोक असल्याची चिठ्ठी डकवलेली असे, आणि एका फेरीपुरती ती चिठ्ठी बहुतेक फिल्मच्या बाबतीत खरीही होती. त्या यंत्राची मात्रा दवाखान्यात छातीचा फोटो काढताना मिळणाऱ्या मात्रेहून कितीतरी कमी असते. परंतु आजचा प्रवासी एकाच यंत्रातून जात नाही. नागपूर, मुंबई, मग आखाती देशातील एखादा विमानतळ, मग अमेरिका, आणि तोच क्रम परतताना. त्यातच दिल्लीच्या मेट्रोत शिरताना पिशवी पुन्हा पट्ट्यावर ठेवावी लागते. मोठ्या हॉटेलांच्या दारांतही तेच. चिठ्ठी लिहिणाऱ्याने या बेरजेचा हिशेब केलेला नव्हता. उलट बाजूने काही गैरसमजही दूर केलेले बरे. एकदा धुतलेल्या फिल्मला, छापलेल्या फोटोला किंवा डिजिटल कॅमेऱ्यातील कार्डाला या किरणांपासून काहीही होत नाही. माणसाला ज्या चौकटीतून चालत जावे लागते ती धातू शोधणारी चौकट असते. तिच्यात क्ष-किरण नसतात.

फिल्मचा हा दुबळेपणा विज्ञानाच्या चांगलाच उपयोगी पडला, हेही नमूद केले पाहिजे. रोंटजेनने नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये बेकेरेलला खणात ठेवलेल्या, काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचेवर युरेनियमच्या क्षारांनी उमटविलेला डाग दिसला. किरणोत्साराचा शोध लागला तो असा. पुढे रुग्णालयांच्या क्ष-किरण विभागांतील कर्मचाऱ्यांच्या छातीवर फिल्मचा एक तुकडा बिल्ल्यासारखा लावला जाऊ लागला. तो किती काळवंडला यावरून त्या माणसाने किती मात्रा सोसली हे कळे. म्हणजे क्ष-किरणांनी फिल्म बिघडते हे शास्त्राला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. विमानतळावर ही पेटी बसविली गेली तेव्हा परिणामाविषयी कोणी अंधारात नव्हते.

सुरक्षेचा पक्ष

ही पेटी नको, असे म्हणणाऱ्याने इतिहास आठवावा. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले आणि पुढे तेथे जाळण्यात आले. सप्टेंबर १९७६ मध्ये दुसरे विमान लाहोरलाच नेले गेले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षेची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. अमेरिकेत तर ५ जानेवारी १९७३ पासूनच प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली होती.

आणि मग २३ जून १९८५. कॅनडाहून दिल्ली-मुंबईकडे निघालेले एअर इंडियाचे 'कनिष्क' आयर्लंडच्या किनाऱ्यानजीक आकाशात फुटले आणि विमानातील सर्वच्या सर्व ३२९ माणसे मरण पावली. बॉम्ब सामानाच्या एका पेटीत होता, आणि त्या पेटीबरोबर तिचा प्रवासी विमानात नव्हता. टोरांटो विमानतळावर त्या दिवशी सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले होते व उरलेल्या पेट्या हातात धरावयाच्या एका शोधक उपकरणाने तपासण्यात आल्या होत्या. यंत्र चालू असते तर काय झाले असते, हा प्रश्न चौकश्यांमधून वर्षानुवर्षे विचारला गेला. डिसेंबर १९८८ मध्ये लॉकरबीवर अमेरिकन विमान फुटले. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला नेण्यात आले. त्यानंतर भारतातील विमानतळ टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविले गेले. इतक्या प्रेतांच्या साक्षीनंतर फोटोच्या रोलसाठी तपासणी सैल करा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. म्हणूनही नये.

प्रश्न तपासणी असावी की नसावी हा नाहीच. प्रश्न असा आहे की सर्वांच्या हितासाठी केलेल्या एखाद्या व्यवस्थेमुळे थोड्या लोकांचे नुकसान होत असेल, तर ते नुकसान कोणी सोसावे, आणि ते होणार आहे हे त्यांना आधी सांगावे की नाही. हा अर्थशास्त्राचा जुना प्रश्न आहे. केंब्रिजच्या पिगू यांनी १९२० साली कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील आपल्या ग्रंथात आगगाडीच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांचे उदाहरण घेतले होते. गाडीचा लाभ प्रवाशांना आणि कंपनीला. ठिणगीने रुळालगतचे रान जळाले तर तो खर्च मात्र कंपनीच्या वहीत येत नाही. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची शकुंतला १९९४ पर्यंत वाफेवर धावताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे उदाहरण समजावून सांगण्याची गरज नाही. ठिणगी आणि कापसाची गाठ यांचे नाते वऱ्हाड जाणतो. विमानतळावरच्या पेटीतून उडणारी ठिणगी दिसत नाही, एवढाच फरक.

आणि हा फरक लहान नाही. रान जळाले तर शेतकरी दुसऱ्याच दिवशी स्टेशन मास्तरपुढे उभा राहतो. फिल्मवर धुके चढले हे प्रवाशाला कळते कधी? रोल धुवून आल्यावर, म्हणजे आठवड्याने, महिन्याने, कधी वर्षाने. तोवर तो चार विमानतळांवरून गेलेला असतो. त्यातल्या कोणत्या यंत्राने किती भर घातली हे सांगण्याची सोय नसते. बहुतेकांच्या मनात विमानतळ येतही नाही. फिल्म जुनी होती, कॅमेऱ्यात उजेड शिरला, किंवा सर्वांत सोपे म्हणजे स्टुडिओवाल्याने रोल बिघडविला, असे तो धरून चालतो. गावोगावच्या स्टुडिओवाल्यांनी दुसऱ्याच्या चुकीचे बोल या रीतीने ऐकून घेतले असतील. त्यांच्यापाशी स्वतःच्या निर्दोषपणाचा पुरावा तरी कोठून असणार? तक्रार चुकीच्या दारात जाते आणि योग्य दारात कधी पोचतच नाही. मग ज्या खात्याकडे तक्रार येत नाही ते खाते नुकसानच होत नाही असे मानते. तक्रारींच्या नोंदवहीवरून लोकांचे नुकसान मोजण्याची सवय ज्या प्रशासनाला आहे, त्याने या एका बाबतीत तरी त्या वहीवर विसंबू नये.

नुकसानीची किंमत कशी धरावी, हाही प्रश्न आहे. फिल्मच्या खोक्यावर उत्पादकाने एक कलम छापलेले असते. फिल्म सदोष निघाली किंवा हाताळताना बिघडली तर तितकीच कोरी फिल्म बदलून दिली जाईल. त्यापलीकडे उत्पादकाची जबाबदारी नाही. व्यापाराच्या दृष्टीने कलम बरोबर आहे. कोणता कारखानदार गिऱ्हाइकाच्या चित्रांची हमी घेईल? पण त्याचा अर्थ असा होतो की कोऱ्या रोलची आणि भरलेल्या रोलची किंमत बाजाराच्या लेखी एकच. ट्रंकेतल्या त्या रोलवर आजीचे शेवटचे चित्र असेल, बहिणीच्या लग्नातला मांडव असेल, गावातून नाहीशी झालेली एखादी पेठ असेल. दुसरी प्रत नाही, पुन्हा काढण्याची सोय नाही. अशा वस्तूला बाजारभाव नसतो म्हणून ती फुकटची ठरत नाही. उलट तिच्या बाबतीत भरपाईची भाषाच निरर्थक असल्याने आधी सावध करण्याची जबाबदारी वाढते.

रानपिंगळ्याचे उदाहरण

ही केवळ कौटुंबिक हळहळीची गोष्ट नव्हे. परतवाडा हे मेळघाटचे दार आहे. ज्या रानपिंगळ्यामुळे मेळघाटाचे नाव जगातील पक्षितज्ज्ञांच्या तोंडी गेले, त्याची कथा येथे लागू पडते. या छोट्या घुबडाचा अखेरचा खरा नमुना १८८४ साली खानदेशात मिळाला होता. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे तो कोणाला निश्चितपणे सापडला नाही. मध्यंतरी मेनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा दावा करून जो नमुना दाखविला, तो जुन्याच नमुन्यांपैकी एक चोरून, चिठ्ठी बदलून तयार केलेला निघाला. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह त्यांनीच शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी जिवंत रानपिंगळा शोधून काढला. त्याची छायाचित्रे आणि चित्रण त्यांनी केले. पुढच्या पाहण्यांत तो मेळघाटातही आढळला.

ज्या पक्ष्याच्या नावावर आधीच एक फसवणूक झालेली होती, त्याच्या पुनर्शोधाच्या दाव्याला जगाने चित्राविना किती किंमत दिली असती? १९९७ मध्ये रानात काढलेले छायाचित्र म्हणजे फिल्म, आणि परदेशी अभ्यासकाच्या फिल्मला विमानप्रवास चुकत नव्हता. शहाद्याच्या रानात चाळीस पावलांवर बसलेल्या पाखराचे चित्र आणि त्यावर विश्वास ठेवणारे जग यांच्यामध्ये तेव्हा तपासणीच्या पेट्या उभ्या होत्या. मेळघाटात, ताडोब्यात, नवेगावात ज्यांनी दोन-तीन दशके फिल्मवर काम केले, त्यांपैकी जो जो विमानाने गेला त्याचा हा मार्ग होता. २०१० साली कोडाक्रोम या प्रसिद्ध फिल्मचा कारखान्यातून निघालेला अखेरचा रोल स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराला देण्यात आला. छत्तीस चित्रांचा तो रोल घेऊन तो मुंबईत आणि राजस्थानातही आला, आणि धुण्यासाठी पुन्हा अमेरिकेतील कॅन्सासला गेला. कोडाक्रोम मंद फिल्म होती, म्हणून धोका कमी. तोच रोल वेगवान असता, किंवा आजची यंत्रे त्या वेळी असती, तर मात्र त्या छत्तीस चित्रांची काळजी अधिक करावी लागली असती.

कारण यंत्रे बदलली आहेत. विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या सामानासाठी लॉकरबीनंतर, आणि विशेषतः २००१ च्या न्यूयॉर्कमधील हल्ल्यानंतर, फार जोरकस यंत्रे आली. संशय येताच ती एका अरुंद, तीव्र झोताने वस्तू पुन्हा न्याहाळतात. फिल्मवर त्याची खूण सुमारे बोटभर रुंदीच्या पट्ट्यासारखी उमटते. न धुतलेली फिल्म मोठ्या सामानात कधीही टाकू नका, असे कोडक तेव्हापासून बजावीत आली आहे. हातातील पिशवीत ठेवलेली फिल्म त्या मानाने सुरक्षित असे. आता तोही आधार जात आहे. दवाखान्यातील सीटी स्कॅनप्रमाणे चहूबाजूंनी किरण सोडून वस्तूचे आरपार चित्र तयार करणारी यंत्रे हातातील सामानासाठीही बसविली जात आहेत. त्यांच्यातून एकदा गेलेल्या चारशे अंकाच्या फिल्मवरही डोळ्यांना दिसेल इतके धुके चढते, असे फिल्म कंपन्यांच्या चाचण्यांत आढळले आहे. भारतातील मोठ्या विमानतळांवर अशी यंत्रे बसविण्याचा आदेश निघाला असून २०२३ अखेरची मुदत पुढे सरकली, एवढेच. यंत्रे येणारच. आणि ती यावीत, कारण त्यांच्यामुळे पिशवीतून लॅपटॉप बाहेर काढण्याचा त्रास वाचतो आणि स्फोटके अधिक खात्रीने सापडतात.

येथे निकोलस काल्डोर यांनी १९३९ साली मांडलेला निकष आठवतो. एखाद्या बदलाने ज्यांचा फायदा झाला, ते तोटा झालेल्यांना भरपाई देऊनही फायद्यात राहत असतील, तर तो बदल इष्ट मानावा. टीकाकारांनी तेव्हाच विचारले होते की भरपाई देता येईल एवढे पुरे, की ती प्रत्यक्ष द्यावी? बहुतेक सार्वजनिक कामांत भरपाई महाग असते, धरणाखाली जाणाऱ्या गावाची तर कधीच पुरी होत नाही, आणि म्हणून सरकारे पहिल्या अर्ध्यावरच थांबतात. फिल्मच्या बाबतीत ही अडचण नाही. येथे भरपाईऐवजी नुकसानच टाळता येते, आणि त्याचा खर्च आहे दोन मिनिटे. रोल हातात घेऊन पाहणे, डबी उघडणे, स्फोटकांचे अंश टिपणाऱ्या कापडी पट्टीने पुसून ती पट्टी यंत्रात घालणे; ही साधने मोठ्या विमानतळांवर आधीच आहेत.

अमेरिकेने ही गोष्ट नियमात लिहून ठेवली आहे. प्रवाशाने मागणी केली तर त्याचा कॅमेरा व फिल्म क्ष-किरणांविना तपासली पाहिजे, आणि तशी सूचना यंत्रापाशी लावली पाहिजे, असे तेथील संघीय नियम सांगतात. याच अमेरिकेची आणखी एक गोष्ट मात्र कमी भूषणावह आहे. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोत पहिला अणुस्फोट झाला, आणि काही काळाने कोडकच्या गिऱ्हाइकांकडून क्ष-किरण फिल्मवर डाग पडल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीचे शास्त्रज्ञ ज्युलियन वेब यांनी माग काढला तेव्हा कारण निघाले फिल्मच्या वेष्टनाचा पुठ्ठा. तो दूरच्या इंडियाना राज्यातील गिरणीत नदीच्या पाण्यावर तयार झाला होता आणि त्या पाण्यात स्फोटाची धूळ उतरली होती. पुढे १९५१ मध्ये नेवाडातील चाचण्या सुरू झाल्यावर कंपनीने तक्रार केली, आणि सरकारी अणुशक्ती आयोगाने फिल्म-उत्पादकांना चाचण्यांची आगाऊ माहिती देण्याचे मान्य केले. त्याच धुळीखाली चरणाऱ्या गाईंचे दूध ज्यांची मुले पीत होती, त्यांना मात्र कोणी काही कळविले नाही. ही विसंगती १९९७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत मांडली गेली. आगाऊ सूचना ही स्वस्त वस्तू आहे; तरीही ती मिळाली संघटित उद्योगाला, विखुरलेल्या माणसाला नाही.

भारतात असा संघटित आवाजही आता उरलेला नाही. उटकमंडला १९६० साली स्थापन झालेला आणि १९६७ पासून फिल्म तयार करणारा हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना 'इंदू' नावाने फिल्म विकीत असे. दवाखान्यांची क्ष-किरण फिल्मही तेथेच होई. तोट्यात रुतून तो बंद पडला. कारखाना चालू होता तोवर दिल्लीच्या एखाद्या मंत्रालयात फिल्म या वस्तूचा कोणी वाली होता. आज ती आयात होते, तिचे ग्राहक विखुरलेले आहेत, आणि त्यांत बहुसंख्य विद्यार्थी. एका रोलसाठी कित्येक शे रुपये मोजणाऱ्या मुलाला रांगेत उभे राहून सुरक्षा जवानाशी वाद घालणे परवडत नाही.

जवानाचीही बाजू आहे, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. त्याने फिल्म हाताने तपासली आणि पुढे काही अघटित घडले, तर जबाब त्याला द्यावा लागेल. त्याने ती यंत्रात घातली आणि ती बिघडली, तर त्याला कोणी एक शब्दही विचारणार नाही. अशा स्थितीत 'यंत्रात घाला' हे उत्तर स्वाभाविक आहे. त्याच्या सौजन्याला आवाहन करून भागणार नाही. लेखी नियम हवा, म्हणजे विनंती मान्य करणारा जवान स्वतःच्या जोखमीवर नव्हे तर नियमाच्या आधारावर ती मान्य करील. एका वस्तूला सवलत दिली की दहा वस्तूंना द्यावी लागेल, हा आक्षेप येईल. पण क्ष-किरणांनी नाश पावणाऱ्या आणि सामान्य प्रवाशाच्या पिशवीत असणाऱ्या वस्तूंची यादी फार लहान आहे. गर्दीचा आक्षेप खरा आहे. मुंबईच्या सकाळच्या गर्दीत दोन मिनिटे जड असतात. त्यासाठी प्रवाशावरही काही बंधने घालावीत. फिल्म डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत वेगळी ठेवावी, वेळेपूर्वी यावे, मागणी रांगेच्या तोंडाशी नव्हे तर आधी करावी. शिशाच्या पिशवीचा जुना तोडगा आता कामाचा नाही. पडद्यावर तिचा काळा ठोकळा दिसला की पिशवी उघडली जाते किंवा पुन्हा आत जाते. ज्याला शक्य असेल त्याने फिल्म मुक्कामी विकत घ्यावी आणि परतण्यापूर्वी तेथेच धुवून घ्यावी, हा उपाय सर्वांत चांगला. पण तो ट्रंकेतल्या रोलला लागू पडत नाही.

नव्या सीटी यंत्रांच्या खरेदीबरोबरच हा नियम करणे सोपे आहे, कारण तेव्हा कामाची पद्धत नव्याने लिहावीच लागते आणि जवानांना प्रशिक्षणही द्यावेच लागते. नियमाबरोबर फलक यावा. तो यंत्रापाशी नव्हे, तर प्रवाशाला अजून काही करता येईल अशा जागी, म्हणजे मोठे सामान सोपविण्याच्या खिडकीपाशी असावा. पेटी एकदा पट्ट्यावरून आत गेली की तिच्यातला रोल परत मिळत नाही. बेलोऱ्यासारख्या विमानतळावर तो इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही असावा, आणि त्यावर एवढे पुरे आहे: न धुतलेली फिल्म मोठ्या सामानात ठेवू नये, हातातील फिल्म मागणी केल्यास हाताने तपासली जाईल, धुतलेल्या फिल्मला व मोबाइलला धोका नाही. तिकिटाबरोबर येणाऱ्या सूचनांत पॉवर बँक आणि लायटर यांविषयी ओळी असतातच. तेथे आणखी एक ओळ घालण्यास विमान कंपनीला काहीच खर्च नाही.